प्रतिकृतीचा ‘क’

संस्कृत व्याकरणात एखाद्या नामाला ‘क’ हा एकाक्षरी प्रत्यय लागला की त्या वस्तूसारखी घडवलेली प्रतिकृती दाखवणारा शब्द सिद्ध होतो; ‘अश्व’ म्हणजे धावणारा घोडा, आणि ‘अश्वक’ म्हणजे मातीचा किंवा लाकडाचा, घोड्यासारखा दिसणारा पण जागचा न हलणारा घोडा. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात हा नियम सांगितला असून प्रत्ययाचे शास्त्रीय नाव ‘कन्’ असे आहे. त्यातला ‘न्’ ही वैयाकरणांची खूण, प्रत्यक्ष शब्दात उतरतो तो केवळ ‘क’. त्या हिशेबाने लाकडाच्या आंब्याला ‘आम्रक’ म्हणावे लागेल. मात्र लगेच पुढे पाणिनी एक अपवाद करतो: जी प्रतिकृती उपजीविकेचे साधन आहे पण विकाऊ नाही, तिच्या नावातला ‘क’ गळून पडतो. टीकाकारांनी हे सूत्र देवमूर्तींच्या आधारे पोट भरणाऱ्या पुजाऱ्यांना लावले. त्यांच्याजवळची मूर्ती ‘शिवक’ नसून ‘शिव’च. सातव्या शतकातील काशिकावृत्ती याचे प्रत्युदाहरण म्हणून खेळण्यातले हत्ती विकणारा माणूस उभा करते, कारण विक्रीला मांडलेला हत्ती ‘हस्तिक’च राहतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पतंजलीने तर महाभाष्यात मौर्यांचे नाव घेऊन, सोन्याच्या हव्यासापायी त्यांनी करवलेल्या मूर्तींना हा लोप लागू पडणार नाही, असा शेरा मारून ठेवला आहे. व्याकरणाच्या ग्रंथात राजवंशाला असा चिमटा सहसा बसत नाही.

एका अक्षराच्या या येण्याजाण्यात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. प्रतिकृती मूळ वस्तूपासून वेगळी ठरते ती कशाने: द्रव्याने, आकाराने, उपयोगाने, की पाहणाऱ्याच्या आणि बाळगणाऱ्याच्या भावाने? मूर्तिपूजेच्या वादात हा प्रश्न पुष्कळ घासला गेला आहे. परंतु लाकूडकाम शिकणारा नवखा कारागीर जेव्हा केळे, आंबा, काजूचे बोंड किंवा मोदक लाकडातून घडवू लागतो, तेव्हा तोच प्रश्न अधिक उघड्या स्वरूपात समोर येतो. याचे कारण अन्नाच्या स्वभावातच आहे. घोड्याची प्रतिमा पाहून घोड्याच्या डौलाचा काही अंश तरी पदरात पडतो, पण अन्नाचे अन्नपण खाल्ले जाण्यात, म्हणजे नाहीसे होण्यात आहे, आणि लाकडी आंबा नेमका तिथेच नापास होतो. बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने खऱ्या वस्तूची कसोटी म्हणून ‘अर्थक्रिया’ ही संकल्पना मांडली; एखाद्या वस्तूचे प्रत्यक्षात काही कार्य घडवण्याचे सामर्थ्य, असा तिचा अर्थ. या कसोटीवर लाकडी आंबा आंबा म्हणून असत् आहे, पण लाकूड म्हणून पूर्ण सत् आहे. तो भूक भागवत नाही, मात्र पायावर पडला तर पाय दुखवतो. कारागिराचे शिक्षण या दोन विधानांच्या मधल्या जागेत चालते.

महाराष्ट्रात या कामाचे माहेर म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी. सावंत भोसले घराण्याच्या या जुन्या संस्थानात लाखकाम, गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, आणि लाकडी फळे-भाज्या या तिन्ही कला चितारी कारागिरांच्या हाती वाढल्या, आणि गावातली चितारआळी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. टोपलीत रचलेली केळी, आंबे, वांगी, सीताफळे, मिरच्या आणि फणस हा तिथल्या दुकानांचा ठेवणीतला माल. यासाठी पांगाऱ्याचे लाकूड वापरण्याची पद्धत रूढ आहे. काटेरी खोडाचा आणि लाल फुलांचा हा पांगारा कोकणात कुंपणाला लावतात, त्यावर मिरीचे वेल चढवतात. इमारतीच्या कामाला तो निरुपयोगी, कारण त्यात खिळा धरत नाही आणि भार पेलत नाही. पण हलका, मऊ आणि हत्याराला झटकन वश होणारा असल्यामुळे शिकाऊ हाताला तो फार लवकर खोटा आत्मविश्वास देतो. सागवान चूक करण्याआधीच अडवते. पांगारा चूक होऊ देतो आणि मग दाखवतो.

गोल फळे शिकणाऱ्याला सर्वांत आधी जमतात, कारण त्यांतले निम्मे काम कातारी करतो. कातारी म्हणजे लाकूड सांगाड्यावर फिरवून त्याला हत्यार लावणारा. फिरत्या लाकडाला टेकवलेली पटाशी जे काही काढील ते आपोआप एका अक्षाभोवती सारखे होते, आणि त्याच फिरत्या पृष्ठावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून रंगाचा थर बसतो. चिकू, पेरू, लिंबू अशा रीतीने तासाभरात हातावेगळे होतात. परंतु आंब्याला असा अक्षच नाही. देठापासून टोकापर्यंत रेघ ओढली तर फळाचा एक गाल तिच्याबाहेर अधिक सुटतो, चोच एका बाजूला झुकते, आणि देठ मधोमध न बसता थोडा कलून बसतो. नवखा कारागीर दोन्ही गाल मापून सारखे करतो आणि मग त्याच्या हातात जे येते त्याला हापूस म्हणायला कोणी धजत नाही. ते फार तर अंडे असते, ज्याला पिवळा रंग दिला आहे. येथे एक लक्षणीय गोष्ट घडते. आंबा आयुष्यभर खाल्लेल्या माणसाला तो कसा दिसतो हे ठाऊक नसते. खाणारा आंबा ओळखतो, निवडतो, वास घेऊन त्याचा पाड सांगतो, पण त्याच्या खांद्याचा चढ देठाच्या वर जातो की खाली राहतो हे त्याने कधी पाहिलेले नसते. आणि आंबा तयार झाला की नाही हे झाडावर ओळखण्याची एक खूण तर हीच आहे, कारण कोवळ्या फळाचा खांदा देठाजवळ उतरता असतो आणि फळ भरत जाते तसा तो देठाच्या वर उचलला जातो. म्हणजे लाकडात आंबा काढायचा तर आधी तो कोणत्या आठवड्यातला आंबा आहे हे ठरवावे लागते.

प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात वस्तू वापरणारा, बनवणारा आणि नक्कल करणारा असे तीन दर्जे लावून वापरणाऱ्याला ज्ञान, बनवणाऱ्याला बरोबर समजूत आणि नक्कल करणाऱ्याला यातले काहीच नाही, असा निवाडा दिला. बासरी आणि लगाम यांच्याबाबत तो खरा असेल. आंब्याबाबत तो तपासून घ्यावा लागतो. ज्याला आंबा हवा आहे त्याचे डोळे आंब्यापाशी थांबत नाहीत, ते रसापर्यंत जाऊन पोहोचतात. ज्याला त्यातून काहीच मिळणार नाही असा नकलाकारच त्याच्या सालीवर रेंगाळतो.

केळ्याच्या बाबतीत हा धडा आणखी कठीण होतो, कारण तिथे फळाचा आणि लाकडाचा स्वभाव समोरासमोर येतात. शिकाऊ माणूस ठोकळ्याच्या बाजूवर पेन्सिलीने केळ्याचा बाक काढतो, करवतीने तो कापून घेतो, आणि मग पटाशीने कडा उतरवायला लागतो. पहिली अडचण आडव्या छेदाची. घाईने केलेले केळे नळीसारखे गोल होते, तर खऱ्या केळ्याला लांबीभर धारा असतात, कच्चे असताना ठळक आणि भरत जाईल तशा बोथट. दुसरी अडचण अधिक खोलवरची आहे. लाकडाचे तंतू ठोकळ्यात सरळ धावतात, केळे मात्र वाकडे असते. परिणामी केळ्याच्या मध्यभागी तंतू लांबीच्या दिशेने असले तरी दोन्ही टोकांशी ते तिरपे तुटतात, आखूड पडतात, आणि देठ कोरताना पटाशीचा शेवटचा हलका फटका बसला की देठ अलगद मोडून हातात येतो. हा अनुभव जवळपास प्रत्येक शिकणाऱ्याला येतो. त्याच वेळी आतल्या खोलगट बाजूवर पटाशी चढाच्या दिशेने चालवली तर ती तंतूंखाली शिरून खपली उचलते; तिथे दोन्ही टोकांकडून मध्याकडे, म्हणजे उतारावरून खाली काम करावे लागते, आणि पाठीच्या फुगीर बाजूवर याच्या उलट, मध्यापासून टोकांकडे. हे नियम तोंडी सांगून समजतात, हाताला मात्र ते तिसऱ्या-चौथ्या मोडक्या देठानंतरच पटतात. केळे वाकते ते घडात वाढताना जमिनीच्या ओढीविरुद्ध वर वळते म्हणून. झाडाचा बुंधा सरळ राहतो त्याचेही कारण त्याच ओढीला दिलेले उत्तर आहे. एकाच शक्तीला दोन जिवांनी दिलेली दोन उत्तरे शिकणाऱ्याच्या बाकड्यावर एकमेकांशी भांडतात, आणि देठ मोडणे हा त्या भांडणाचा निकाल असतो. अनुभवी कारागीर हा वाद टाळतो. तो मुळातच बाक असलेली फांदी शोधतो, ज्याप्रमाणे होडी बांधणारे सुतार होडीच्या फासळ्यांसाठी वाकडी लाकडे हेरून ठेवतात.

न्यायदर्शनाने या साऱ्याला एक नेमकी परिभाषा दिली आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांतील दुसऱ्या अध्यायात शब्दाचा अर्थ कशात असतो याची चर्चा असून तीन उमेदवार तपासले आहेत: ‘व्यक्ती’ म्हणजे समोरची एकेक वस्तू, ‘आकृती’ म्हणजे तिच्या अवयवांची विशिष्ट रचना, आणि ‘जाती’ म्हणजे त्या प्रकारच्या सर्व वस्तूंत समान असलेले तत्त्व, जसे गाईंमधले गोत्व. केवळ व्यक्ती आणि आकृती पुरेशा आहेत असे म्हणणाऱ्याला सूत्रकार मातीच्या गाईचे उदाहरण देऊन गप्प करतो. तिला व्यक्तित्व आहे, गाईची आकृतीही आहे, पण यज्ञात गाईवर पाणी शिंपडण्यासारखे संस्कार तिच्यावर कोणी करत नाही, कारण तिच्यात गोत्व नाही. या मातीच्या गाईसाठी वापरलेला शब्द ‘मृद्गवक’ असा आहे, आणि त्याच्या शेवटी पाणिनीचा तोच ‘क’ निमूटपणे बसलेला आहे. अखेरीस नैयायिक व्यक्ती, आकृती आणि जाती या तिन्हींना मिळून पदाचा अर्थ मानतात, आणि आकृतीची व्याख्या करताना ती जातीची व तिच्या खुणांची ओळख पटवून देते असे सांगतात. लाकडी फळ करणाऱ्याचे सर्व काम या शेवटच्या मुद्द्यात सामावते. जाती त्याच्या हातची नाही; आम्रत्व कोणत्याही पटाशीने कोरता येत नाही. पण आंब्याच्या असंख्य वळणांपैकी कोणते वळण आंब्याची ओळख पटवते आणि कोणते केवळ त्या एका फळाचा अपघात आहे, ही निवड त्याला करावी लागते, आणि चुकली की प्रेक्षक ताबडतोब सांगतो.

न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने एक मर्यादाही नोंदवली आहे: प्रत्येक जातीची ओळख आकृतीने पटतेच असे नाही, कारण माती, सोने, चांदी यांना ठरावीक अवयवरचना नसते. खाद्यपदार्थांना हे लावून पाहिले तर लाकडी अन्नाच्या टोपलीत काय दिसते आणि काय दिसत नाही याचा उलगडा होतो. मोदकाला कळ्या आहेत, करंजीला मुरड आहे, जिलबीला वेढे आहेत; वरणाला यातले काही नाही, ते वाटीचा आकार घेते. म्हणून लाकडी मोदक ही कल्पना सहज पटते आणि लाकडी वरण हा विनोद वाटतो. श्रीखंडाची प्रतिकृती करायची तर कारागिराला प्रत्यक्षात वाटीचीच प्रतिकृती करावी लागेल आणि उरलेले काम रंगावर सोपवावे लागेल.

रंग लावला की मात्र डोळा सहज फसतो. याविषयी प्राचीन ग्रीक परंपरेत एक मार्मिक कथा आहे, जी दिओगेनीस लाएर्तियस या चरित्रकाराने नोंदवली आहे. सुज्ञ माणूस खोट्या प्रतीतीला कधीच संमती देत नाही असे शिकवणाऱ्या स्टोइक संप्रदायाच्या स्फाएरस नावाच्या तत्त्वज्ञासमोर टॉलेमी राजाने मेणाची डाळिंबे ठेवली. तत्त्वज्ञ फसला, आणि राजाने त्याला पेचात धरले. स्फाएरसचे उत्तर असे की आपण ही डाळिंबे आहेत या विधानाला संमती दिलीच नव्हती, ती डाळिंबे असावीत असे मानणे वाजवी आहे एवढ्यालाच दिली होती. उत्तर चतुर आहे, पण त्यात पळवाटही आहे, कारण हात पुढे केला असता तर वाद तिथेच संपला असता. पांगाऱ्याचा आंबा उचलल्याबरोबर आपले गुपित सांगून टाकतो. हापूसचा भार अपेक्षून जोर लावलेला हात एकदम वर जातो. वैशेषिक दर्शनातील प्रशस्तपादाचार्यांनी गुरुत्व म्हणजे वजन हे कोणत्याही इंद्रियाला प्रत्यक्ष कळत नाही, पडण्यावरून त्याचे अनुमान करावे लागते, असे म्हटले आहे. टोपलीतला लाकडी आंबा उचलून पाहिलेल्या माणसाला हे मत स्वीकारणे जड जाईल.

आतापर्यंत ‘क’ हा जागच्या जागी होता: आकृती आहे, जाती नाही, तेव्हा प्रतिकृती ती प्रतिकृतीच. धर्माच्या व्यवहारात मात्र तो डळमळू लागतो. मीमांसाशास्त्रात ‘प्रतिनिधी’ नावाचे एक प्रकरण आहे. यज्ञाला लागणारे द्रव्य मिळाले नाही तर त्याऐवजी काय चालेल, हा त्याचा विषय. जैमिनीच्या सूत्रांनुसार व्रीही म्हणजे साळीचे भात नसेल तर नीवार म्हणजे रानभात चालतो, कारण त्यात भाताशी मिळतेजुळते अंश आहेत. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना मात्र प्रतिनिधी नाही. लक्षात घेण्याजोगे हे की येथे सादृश्य पाहिले जाते ते द्रव्याचे. भातासारखे दिसणारे लाकडाचे दाणे कितीही हुबेहूब असोत, मीमांसकाला त्यांचा काडीइतका उपयोग नाही. तो त्यांना समिधा म्हणून अग्नीत टाकील, हवी म्हणून नाही. सुतार ज्या सादृश्यासाठी दिवस घालवतो ते यज्ञशाळेत मोजलेच जात नाही.

याच्या नेमके विरुद्ध टोक जैन परंपरेत सापडते. सोमदेवसूरींच्या 959 साली पुऱ्या झालेल्या ‘यशस्तिलक’ या चंपूकाव्यात राजा यशोधराची कथा आहे. आईच्या आग्रहाने देवीला पशुबळी द्यायचा, पण हिंसा तर करायची नाही, या कोंडीतून वाट काढण्यासाठी राजा पिठाचा कोंबडा करवून त्याचा बळी देतो. आणि त्या पिठाच्या कोंबड्यापायी माय-लेकांना जन्मोजन्मी पशुपक्ष्यांच्या योनीत भटकावे लागते. पिठाच्या कोंबड्यात कोंबड्याची जाती नाही, रक्त नाही, वेदना नाही. नैयायिकाच्या दृष्टीने तो ‘कुक्कुटक’ आहे आणि त्यावर सुरी चालवणे म्हणजे कणीक कापणे. जैन विचार हे मान्य करत नाही, कारण तिथे हिंसा मोजली जाते ती मारण्याच्या भावावरून, आणि भाव खऱ्या कोंबड्यावरच रोखलेला होता. संकल्पाने ‘क’ पुसला, आणि पुसलेल्या ‘क’ची किंमत चुकवावी लागली. जैन आचार्यांनी वस्तूचा बोध चार अंगांनी कसा होतो हे सांगताना ‘स्थापना’ या अंगाचे दोन प्रकार केले आहेत: ज्यात आकार मिळताजुळता असतो ती तदाकार स्थापना, आणि ज्यात आकाराचा संबंध नसून केवळ मनाने अमुक म्हणजे तमुक असे मानलेले असते ती अतदाकार. बुद्धिबळाच्या पटावरचे मोहरे हे दुसऱ्या प्रकाराचे सोयीचे उदाहरण. महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरगुती पूजेत तांदळाच्या राशीवर मांडलेली गणपतीची सुपारी हे त्याहून जवळचे. तिथे तर उलटाच प्रकार आहे: खाण्याची वस्तू देवाच्या जागी बसते, आणि तिला सोंड काढण्याची कोणाला गरज वाटत नाही.

ओडिशातील पुरी येथे हा उलटा प्रकार सर्वांत भव्य रूपात दिसतो. जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा यांच्या मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाच्या असून विशिष्ट खुणा असलेली झाडे शोधून, नवकलेवर या विधीत त्या नव्याने घडवल्या जातात. 1996 नंतर असा विधी 2015 साली झाला. देव लाकडाचा, आणि त्याच्यासमोर रोज ठेवला जाणारा महाप्रसाद मात्र चुलीवर शिजलेला, हजारोंच्या पोटात जाणारा. शिवाय या मूर्तींना हातपाय पुरते घडवलेले नाहीत. परंपरेची कथा अशी की सुताराच्या रूपात आलेल्या देवाने बंद दाराआड काम चालू असताना दार उघडू नये अशी अट घातली होती, राजाने धीर सोडून दार उघडले, आणि मूर्ती अपुऱ्याच राहिल्या. आकृतीच्या हिशेबाने या मूर्ती लाकडी आंब्यापेक्षा कितीतरी कमी सदृश आहेत, तरी त्यांच्या नावाला ‘क’ लावण्याचे धाडस कोणी करत नाही. आणि चितारआळीतला हुबेहूब हापूस, ज्याला पाहून माशी बसावी, तो प्रत्येक ग्राहकाच्या तोंडी ‘लाकडी आंबा’च असतो. मराठीत ‘क’ प्रत्यय उरला नाही. त्याचे काम ‘लाकडी’ हे विशेषण करते.

या दोन टोकांच्या मध्ये शिकणाऱ्याच्या हातचा माल कोठे ठेवायचा, हा प्रश्न पाणिनीच्या सूत्राला विचारून पाहता येतो. देठ मोडलेले, एका अंगाला नळीसारखे गोल झालेले त्याचे पहिले केळे विक्रीला जात नाही. कोणी ते घेणारही नाही. विकाऊ नसणे ही अपवादाची एक अट त्याने अनायासे पुरी केली. पण सूत्राला दुसरीही अट आहे, प्रतिकृती उपजीविकेचे साधन असावी, आणि त्या केळ्याने तर उपजीविका होण्याऐवजी लाकूड आणि दिवस दोन्ही खर्ची पडले. तेव्हा काटेकोर वाचन केले तर त्याचा ‘क’ गळत नाही. बाकड्याखालच्या भुशात पडलेले ते केळे व्याकरणाच्या दृष्टीने पूर्णपणे नियमित आहे, आणि पुढच्या ठोकळ्यावर बाक काढताना शिकणारा तेच उचलून, देठ कोठे मोडला होता ते बघून, या वेळी तंतूंची दिशा आधी तपासतो.